रूळ गेले, वाट राहिली

१८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी एक अवाढव्य योजना मांडली. देशातल्या आडबाजूच्या गावांपर्यंत रेल्वे न्यायची आणि जुने कालवे एका मापाचे करून एकमेकांना जोडायचे. मग द्राक्षमळ्यांतून, गुरांच्या कुरणांतून एकेरी रूळ टाकले गेले, छोटी छोटी स्थानकं उभी राहिली. पुढे बस आणि मोटारी आल्या, त्या गाड्यांना प्रवासी मिळेनात आणि विसाव्या शतकात अशा कित्येक शाखा बंद झाल्या. रूळ उखडले गेले, पण रुळांखालचा बांध राहिला, पूल आणि बोगदे राहिले. कालव्यांच्या काठांवर पूर्वी मालाच्या बोटी घोडे ओढत नेत. त्या घोड्यांच्या वाटाही राहिल्या. आज फ्रान्सच्या ग्रामीण भागात मागून येणाऱ्या मोटारीची धास्ती न बाळगता दिवसच्या दिवस सायकल चालवता येते, ती मुख्यतः या दोन वारशांमुळे.

तेव्हा सहल आखताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही वाट मुळात कशासाठी बांधली होती? वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून रेल्वेच्या जुन्या मार्गावर चढ शंभर मीटरला एक-दोन मीटरच्या पुढे क्वचितच जातो. कालव्याचं पाणी दोन लॉकांच्या, म्हणजे बोटींना वरखाली नेणाऱ्या दरवाजेबंद कुंडांच्या, मध्ये एका पातळीत असतं, म्हणून काठची वाटही सपाट असते. लॉकपाशी दोन-तीन मीटरचा चढ लागतो आणि पुन्हा सपाटी. ज्यांना दर रविवारी सिंहगडाचा घाट मारायची सवय आहे त्यांना इथे अंगावर काही येणार नाही. पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी शाळा-कॉलेजात सायकल चालवली, नंतर सुटली, आणि आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा चालवावीशी वाटते आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुलं-नातवंडं बरोबर असतील तर फारच छान.

फ्रान्समध्ये सायकलच्या मार्गांना दोन नावं आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग. इथे मोटार, मोटारसायकल, मोपेड यांना बंदी. सायकलस्वार, पायी चालणारे, स्केटवाले आणि कुठे कुठे घोडेस्वार एवढ्यांनाच वाट मोकळी. सुरुवातीला निळ्या चौकोनी फलकावर माणूस आणि सायकल अशी चित्रं असतात. दुसरा प्रकार ‘व्हेलोरूत’. हा लांब पल्ल्याचा, फलक लावून आखलेला सायकलमार्ग. त्यात हरितमार्गाचे तुकडे असतात आणि मधे मधे कमी रहदारीचे गावरस्तेही असतात. लुआर नदीच्या काठाचा सुमारे ९०० किलोमीटरचा ‘लुआर आ व्हेलो’ हा जगप्रसिद्ध मार्ग या दुसऱ्या प्रकारचा. तो सुंदरच आहे, पण त्यावर अधूनमधून मोटारी लागणार हे धरून चाला. लहान मुलं बरोबर असतील किंवा रहदारीची भीती मनात असेल, तर नकाशा उघडताच पाहायचं ते हे, की अख्खा टप्पा व्हुआ व्हेर्त आहे की नाही.

पहिल्या सहलीसाठी मी बर्गंडी सुचवेन. फ्रेंच लोक तिला बूर्गोन्य म्हणतात. झिव्री ते क्ल्युनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ मध्ये सायकलींसाठी खुला झाला. फ्रान्समधला पहिला हरितमार्ग म्हणून तो ओळखला जातो. आता तो दोन्ही टोकांना वाढून उत्तरेला शालों-स्युर-सोन आणि दक्षिणेला माकोंच्या वेशीपर्यंत पोचला आहे. एकूण अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. सराईत सायकलस्वार ते एका सकाळीत उरकेल. तुम्ही तीन दिवस द्या, चार दिले तर उत्तम.

शालों हे सोन नदीकाठचं मध्यम आकाराचं शहर. छायाचित्रणाचा जनक निसेफोर न्येप्स इथला. त्याच्या नावाचं संग्रहालय नदीकाठी आहे. आदल्या दिवशी पोचून सायकली ताब्यात घ्यायच्या आणि संध्याकाळी गावात एक चक्कर मारून बघायची. पहिल्या दिवशी झिव्री, ब्युसी अशी द्राक्षमळ्यांची गावं घेत सें-झांगूपर्यंत जायचं. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेतली जुनी स्थानकं आजही ओळखू येतात. इमारतीची तीच ठेवण, समोर फलाटाची रुंद जागा, आणि जिथे रूळ होते तिथे डांबराची गुळगुळीत पट्टी. ब्युसीपर्यंत दोन्ही बाजूंना वेलींच्या रांगा, त्यापुढे पांढऱ्या शारोले गाईंची कुरणं.

दुसऱ्या दिवशी कोर्मातँ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला वाडा पाहण्यासारखा आहे. आतल्या सोनेरी नक्षीच्या दालनांइतकीच बाहेरची बागही. पुढे तेझे. ब्रदर रोजे यांनी १९४० मध्ये या खेड्यात पाऊल ठेवलं आणि तिथे एक ख्रिस्ती बंधुसंघ वाढला. आज जगभरातले तरुण इथल्या सामूहिक प्रार्थनेला येतात. गाव वाटेपासून थोडं वर टेकाडावर आहे, तेवढा चढ सायकल हातात धरून चढलात तरी चालेल. मग क्ल्युनी. इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या इथल्या मठाचं चर्च रोमचं सेंट पीटर नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडून विकलं गेलं, आज त्याचा अगदी थोडा भाग उभा आहे. तो पाहताना जे उरलेलं नाही त्याचा आकार मनात उभा राहतो. इथे अर्धा दिवस तरी काढा. शक्य असेल तर शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोचा, म्हणजे शनिवारी सकाळचा बाजार मिळेल.

क्ल्युनीच्या दक्षिणेला बुआ-क्लेर नावाचा सुमारे १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही गारवा असतो, तेव्हा जॅकेट पिशवीच्या तळाशी ठेवू नका. हिवाळ्यात तिथे वटवाघळं निद्रेला येतात, म्हणून थंडीचे महिने बोगदा बंद असतो आणि वरून खिंडीच्या रस्त्याने जावं लागतं. तो खरा चढ आहे आणि तिथे मोटारीही आहेत. या एका कारणासाठी मी हा मार्ग थंडीत सुचवणार नाही. बोगद्यापलीकडे बेर्झे-ल-शातेलचा किल्ला दिसतो आणि वाट उताराला लागून माकोंच्या दिशेने जाते.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. अशा सहलीत माणसं पाय दुखल्याने हैराण होत नाहीत, दुकानं बंद मिळाल्याने होतात. आपल्याकडे हमरस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरला चहाची टपरी, वडापावची गाडी असते. फ्रान्सच्या खेड्यात तसं नाही. फ्रेसिनेच्या रेल्वेने जोडलेल्या यांतल्या कित्येक गावांत आज एकही दुकान नाही. जिथे बेकरी आहे तिथे ती सकाळी लवकर उघडते, दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होते आणि तीन-चारनंतर पुन्हा उघडते. बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद. रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळंच बंद. ऑगस्टमध्ये तर दारावर वार्षिक सुट्टीचा कागद चिकटवून मालक दोन-तीन आठवडे गावाला जातात. उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. अडीचला पोचलात तर कॉफी मिळेल, जेवण मिळणार नाही. विनंती करूनही नाही. रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी सुरू होत नाही. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते, शिवाय ईस्टरच्या हिशेबाने येणारी असेन्शनची सुट्टीही बहुधा त्याच महिन्यात पडते.

म्हणून रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी मुक्कामाचं गाव सोडण्यापूर्वी दुपारचं जेवण पिशवीत पडलं पाहिजे. एक बॅगेत, म्हणजे काठीसारखा लांब फ्रेंच पाव, शिवाय चीज, टोमॅटो, फळं. वाटेत बाकं आणि लाकडी टेबलं जागोजागी आहेत. शनिवारी संध्याकाळी रविवार-सोमवारची बेगमी करा. काही गावांत बॅगेतची यंत्रं असतात, नाणी किंवा कार्ड घालून पाव मिळतो. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. पिण्याच्या पाण्याच्या नळावर ‘ओ पोताब्ल’ असं लिहिलेलं असतं, ‘नों पोताब्ल’ असेल तर ते प्यायचं नाही. नळ सापडला नाही तर गावची दफनभूमी शोधा. फुलांना घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतोच, मात्र तिथलीही पाटी आधी वाचा.

शाकाहारी मंडळींनी घाबरण्याचं कारण नाही, पण सावध राहायला हवं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर काहींना मासे चालतात असं वाटतं. ‘झ न मांज पा द व्यांद, नि द प्वासों’, म्हणजे मी मांस खात नाही आणि मासेही नाही, हे वाक्य पाठ करा किंवा फोनवर लिहून दाखवा. सॅलडमध्ये आणि किश नावाच्या खाऱ्या पायमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे हमखास असतात. सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं. ऑम्लेट चालत असेल तर कुठेच अडणार नाही. पारंपरिक चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी सुपरमार्केटमध्ये वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्यावं. घरून मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी जरूर न्या. ताज्या बॅगेतमध्ये लोणी लावून वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरायची, हे कुरणाकाठच्या बाकावर बसून खाऊन बघाच. मात्र पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना आणता येत नाहीत, ते विमानतळावर काढून घेतले जातात.

दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, मग मागायचं. ही नुसती औपचारिकता नाही. बोंझूर न म्हणता थेट ‘दोन पाव द्या’ म्हणणं तिथे उद्धटपणाचं समजलं जातं आणि त्याचा परिणाम पुढच्या संभाषणावर होतो. वाटेत समोरून येणाऱ्यालाही म्हणा.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? पहिल्या खेपेला भाड्यानेच घ्या. विमानात सायकल खोलून, खोक्यात भरून नेणं आणि तिथे जोडणं हे वेगळं कसब आहे, शिवाय खोकं ठेवायचं कुठे हाही प्रश्न असतो. जाड टायरची, पस्तीस-चाळीस मिलिमीटर रुंदीची हायब्रिड किंवा टूरिंग सायकल मागा. मागच्या कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या बहुधा मिळतात. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालवू नका, खांदे आणि कंबर दोन्ही जातात. ज्येष्ठांनी निःसंकोच बॅटरीची सायकल घ्यावी. प्रसिद्ध मार्गांवर तुमची मोठी बॅग एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवाही आहेत. वय झालेल्यांना त्यांचा फार उपयोग होतो.

सायकल हातात आली की निघण्याआधी ब्रेक तपासा. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, तिथे डाव्या हाताचा पुढचा असतो. घाईत डावा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊ शकतो. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवून हाताला सवय करून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक मानेचा प्रेस्टा असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय हवा भरता येत नाही. पंप, एक जादा ट्यूब आणि टायर काढायचे दोन लिव्हर दुकानातूनच मागून घ्या आणि एकदा दुकानदारासमोर चाक काढून लावून पाहा. खेड्यात दुरुस्तीचं दुकान मिळेलच असं नाही.

वाहन उजव्या बाजूने चालवायचं, हे हरितमार्गावरही लागू. घंटी सक्तीची. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला २०१५ पासून बंदी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, तरी घाला. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर असाल तर चमकणारं जाकीट आणि दिवे कायद्याने हवेतच. शरद ऋतूत रानात शिकार चालते, तेव्हा भडक रंगाचे कपडे दिवसाही घाला.

मोटारी नसलेली वाट म्हटलं तरी ती मधे मधे मोटाररस्ता ओलांडते, आणि सगळ्यांत सावध राहायची जागा तीच. मोटारी आत शिरू नयेत म्हणून वाटेवर लाकडी अडसर किंवा लोखंडी खांब असतात. दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली सायकल त्यातून काढताना वेग अगदी कमी करावा लागतो, मुलांची मागे जोडायची गाडी असेल तर उतरूनच काढा. अडसरापलीकडे लगेच रस्ता. अशा ठिकाणी बहुतेक वेळा थांबायचं आपण असतं, मोटारीने नाही. आणि तासभर निवांत चालवल्यावर नेमकं हेच विसरलं जातं. मुलांना आधीच सांगून ठेवा की खांब दिसले की पाय जमिनीला. अडचण आलीच तर आपत्कालीन क्रमांक ११२.

पॅरिसहून जाताना वेगाच्या मोहात पडू नका. तेजेव्हे या अतिवेगवान गाड्यांत अख्ख्या सायकलीसाठी जागा मोजक्या असतात आणि त्या आधी पैसे भरून राखून ठेवाव्या लागतात. काही गाड्यांत त्या नसतातच. तेर नावाच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल साधारणपणे फुकट जाते, मात्र काही मार्गांवर हंगामात तिचंही आरक्षण लागतं, ते तिकीट काढतानाच पाहून घ्या. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून दिजोंकडे जाणारी तेर गाडी पकडायची आणि तिथून शालोंला. सायकल शालोंलाच घेणार असाल तर हा प्रश्नच नाही. माकोंहून परतताना मात्र सायकलसह तेर गाडीने शालोंला येऊन ती परत करायची. हे अंतर गाडीने फार नाही.

मुक्कामासाठी ‘आक्यय व्हेलो’ ही पाटी शोधा. आखलेल्या सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या, सायकल कुलूपबंद ठेवायची सोय आणि दुरुस्तीचं जुजबी सामान पुरवणाऱ्या जागांना ही मान्यता मिळते. खेड्यांत ‘शांब्र दोत’ म्हणजे घरातल्या पाहुण्यांच्या खोल्या असतात, नाश्ता भाड्यातच. काही ठिकाणी ‘ताब्ल दोत’ असतं, म्हणजे यजमानांबरोबर एकाच टेबलावर रात्रीचं जेवण. आधी कळवावं लागतं आणि शाकाहारी असल्याचं तेव्हाच सांगायचं. दुकान नसलेल्या गावात हे जेवण म्हणजे मोठा आधार. तंबू नेणार असाल तर नगरपालिकेचे तळ, ‘कांपिंग म्युनिसिपाल’, स्वच्छ आणि स्वस्त असतात. स्टोव्हचा गॅस विमानातून नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हे उत्तम दिवस. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोन तास झाडाखाली काढले तरी दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये अलीकडे पारा पस्तीसच्या वर जातो. पाऊस कधीही येऊ शकतो, पण आपल्या आषाढसरींसारखा नाही. साधा रेनकोट पुरतो. गवतातून उठलात की पायांवर गोचीड नाही ना, हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी नीट पाहा.

या वाटेवर मन रमलं तर पुढच्या वर्षी बर्गंडीचाच कालवा. योन नदीवरच्या मिजेनपासून सोनवरच्या सें-झां-द-लोनपर्यंत २४२ किलोमीटर, १८९ लॉक. वाटेत तांले आणि आंसी-ल-फ्रांचे वाडे, मोंबारजवळ १११८ मध्ये स्थापन झालेला फोंतने मठ. काठाची वाट बरीचशी चांगली आहे, काही तुकडे खडीचे. पुयी-आं-ओक्सुआ इथे कालवा डोंगराखालून तीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातो. तो बोटींसाठी, आपण वरून जायचं. लॉकपाशी एखादी बोट आलेली दिसली तर थांबाच. दरवाजे मिटतात, झडपा उघडतात, पाणी फेसाळत आत येतं आणि दहा-पंधरा मिनिटांत अख्खी बोट दोन-तीन मीटर वर येते. इंजिन नाही, पंप नाही, नुसतं वरच्या अंगाचं पाणी खाली सोडलेलं. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या प्रत्येक लॉकला ती स्वतःहून ब्रेक लावतात.

शेवटी निघण्याआधीची कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना सामाईक असलेल्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासोबतच्या ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्यात सायकलवरचा अपघात धरलेला आहे ना, हे लेखी विचारून घ्या. लंडनला मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनाही फ्रान्ससाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी किंवा नेदरलँड्सचा शेंगेन व्हिसा घेऊन मुलीकडे गेलेल्यांना तो लागत नाही, मात्र प्रवेश किती वेळा करता येतो आणि मुदत कधी संपते ते तपासा. मे-जूनसाठी खोल्या फेब्रुवारीतच राखा, आणि राखताना प्रत्येक यजमानाला एक प्रश्न विचारा, की गावातली बेकरी कोणत्या वारी बंद असते.